पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी किनवट येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी 'परदेशप्रवास' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी संकोचलो. हैदराबाद आणि नागपूर यांच्या पलीकडे मी फारसा गेलेलो नाही. आपले किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आमच्या वडिलांच्या पिढीला पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाणे म्हणजेच परमुलखात जाणे वाटे. तेव्हा स्वतःचा प्रवास सांगण्याजोगा नसल्यामुळे दुसऱ्याच्या प्रवासाविषयी बोलणार आहे. माझ्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र त्यात येणार आहे, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

आपल्या स्मरणिकेत परदेशी शिक्षणास गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रे अभिनंदनासह छापली जातात. याच ज्ञातिसंस्थेचे पूर्वीचे काम याच्या अगदी उलट होते, याची आठवण कितीकांना असेल? समुद्र ओलांडून परत आलेल्या माणसास पंक्तीत घ्यावे की नाही, हे ज्ञातीचे पंच ठरवीत, आणि प्रायश्चित्तावाचून बहुधा घेत नसत. त्या काळी एक पंचविशीतील विधवा स्त्री दोन वर्षांची मुलगी बरोबर घेऊन मुंबईहून बोटीत बसली. वर्ष १८८३. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा पिंडच प्रवासाचा होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध पत्नीस आणि मुलीस संस्कृत शिकविले, आणि सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत राहिले. माहूरगडाच्या वाटेने पायी जाणारे यात्रेकरू आपण नित्य पाहतो. त्यांच्यातच पोथी काखेस मारून चालणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे रमाबाईंचे बालपण समजेल. दुष्काळाने १८७४ मध्ये आईबाप गेले. पुढे बहीणभाऊ देश पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले आणि तेथील विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले. भाऊ गेला, १८८० मध्ये झालेल्या विवाहाचे सुख दोन वर्षेही टिकले नाही. पुण्यास येऊन त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या आधाराने विलायतेचा प्रवास केला. जिने अर्धा हिंदुस्थान पायांनी मोजला होता, तिला समुद्राची भीती ती काय वाटणार!

इंग्लंडात वैद्यक शिकावे हा हेतू होता, परंतु कानांनी नीट ऐकू येईना म्हणून तो सोडावा लागला. त्याच वर्षी तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. याविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, आपण पंक्तीतून बाईंना उठविले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पुस्तकही उठविले, ही चूक झाली.

ते पुस्तक म्हणजे 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. ही पदवी मिळावयाची होती. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई लिव्हरपूलहून निघाल्या. पावसाळ्यातील सहस्रकुंड पाहिलेल्या आपणांस पाण्याच्या गर्जनेची कल्पना आहे. थंडीच्या दिवसांतील अटलांटिक महासागर म्हणजे तीच गर्जना रात्रंदिवस पायांखाली! समारंभ उरकून लवकर परतावयाचे, असा बेत होता. प्रत्यक्षात राहणे झाले अडीच वर्षांहून अधिक. लहानग्या मनोरमेस इंग्लंडात परत पाठवावे लागले, आणि आई तिला अमेरिकेतून पत्रे लिहीत राहिली. एकाच वेळी मुलीस पत्रे आणि देशास पुस्तक, असा हा लेखनप्रपंच होता.

हे पुस्तक मी सावकाश वाचले आणि थक्क झालो. प्रवासवर्णन म्हटले की उंच इमारती, आगगाड्या, खाणेपिणे आणि 'काय सांगावे!' असे उद्गार यांची आपणांस सवय झालेली आहे. रमाबाईंनी पाहिले ते निराळे. तेथील राज्यकारभार कसा चालतो, घरसंसार कसा, शाळा कशा, परोपकारी संस्थांना पैसा कोठून मिळतो, हे त्या शोधीत राहिल्या. सामान्य घरांतील स्त्रिया एकत्र येतात, सभा भरवितात आणि स्वतःच्या बळावर संस्था चालवितात, याचे त्यांस विलक्षण अप्रूप वाटले. दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघाचे आणि त्याच्या अध्यक्षा फ्रान्सेस विलार्ड यांचे कार्य त्यांनी जवळून पाहिले. (आपल्या महिला शाखेने हा भाग मुद्दाम वाचावा, असे मी सुचवितो. आमच्या पुरुष शाखेनेही वाचल्यास हिशेब वेळेवर सादर होऊ लागतील.)

पण त्या दिपून गेल्या नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली तरी काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार संपलेला नाही, तेथील मूळ रहिवाशांस त्यांच्याच भूमीवरून हुसकले गेले, स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणाऱ्या देशात स्त्रीला मताचा अधिकार नाही, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. टोपीवर मेलेले पक्षी खोचून मिरविणाऱ्या बायकांच्या हौसेवरही ताशेरे झाडले. याच बाईंनी १८८७ मध्ये तिकडच्या लोकांसाठी इंग्रजीत आपल्याकडील उच्चवर्णीय स्त्रीच्या हालांची हकीकत छापली होती. तिकडे आपले दोष सांगितले आणि इकडे त्यांचे गुणदोष सांगितले. उलट केले असते तर दोन्हीकडे टाळ्या मिळाल्या असत्या.

त्या पाहण्याचे फळही लगेच दिसले. बोस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये रमाबाईंच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे साह्य करण्याचे कबूल केले. जपानमार्गे परत येऊन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदा सदन' उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाची तारीखही तीच होती; मात्र आनंदीबाई १८८७ मध्येच निवर्तल्या होत्या. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला. प्रवासवृत्तही १८८९ मध्येच प्रसिद्ध झाले.

आता माझी गोष्ट. पस्तीसएक वर्षांपूर्वी माझ्या पुतणीस परदेशी शिक्षणाची संधी आली होती. थोरले बंधू हयात नव्हते. निर्णय माझ्याकडे होता. मी नको म्हटले. शास्त्राचा आधार काढला नाही, तितका मी जुना नव्हे. 'मुलीची जात, एकटी कशी राहील, पुढे स्थळ कोण देईल' इतकेच बोललो. ती काही बोलली नाही. नांदेडास शिकली, शिक्षिका झाली, संसार केला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस आली तेव्हा हे पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, एवढे वाचा. मग बोलू." वाचून झाल्यावर मी तिला फोन केला, पण काय बोलावे ते सुचेना. शेवटी तिनेच पिकापाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्या दिवशी जे बोलावयाचे राहिले ते आज, ती या सभेत तिसऱ्या रांगेत बसलेली असताना, बोलत आहे. बाई, माझे चुकले.

तिची कन्या येत्या ऑगस्टात उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली आहे. तिला मी एक कोरी वही दिली आहे आणि सांगितले आहे की पगाराचे आकडे आणि बर्फातील छायाचित्रे फोनवर येतीलच. वहीत तेथील माणसे कशी राहतात, कोणाला दूर ठेवतात आणि आपणांस पाहून काय म्हणतात ते लिही. तेथे राहून आपल्यातले काय खटकू लागले तेही लिही, काकाआजोबांस राग येईल याची चिंता करू नकोस. तिने होकार दिला आहे. संपादकांनी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत तिच्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.