काडतुसाचें यंत्र आणि सरहद्द

रिकाम्या काडतुसांत पुन्हां दारू व छरे भरण्याचें हातयंत्र दिसावयास निरुपद्रवी असतें. कायदा मात्र त्याला तसें मानीत नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें शिसें, गंधक व सोरा यांना दारूगोळ्यांतून वगळलें. परंतु दारूगोळा करण्याचीं यंत्रें त्यांत घातलीं. ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर तीं नेण्यास परवाना लागे. बीड जिल्ह्यांतील नेकनूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. म्हणजे शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांतून असें यंत्र बैलगाडींत घालून तेथें नेणें, ही कायद्याच्या दृष्टीनें निर्यातच!

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्यें दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यांत आले. सरहद्द मिटली, तत्त्व मात्र राहिलें. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार हीं यंत्रें दारूगोळ्यांतच मोडतात, आणि दहाव्या कलमाप्रमाणें तीं परवान्यावांचून देशाबाहेर नेतां येत नाहींत.

कारण उघड आहे. भरलेलें काडतूस एकदांच उडतें. यंत्र ज्याच्या हातीं पडेल, त्याला मात्र हवीं तितकीं काडतुसें भरतां येतात. म्हणून केवळ हौसेखातर असें यंत्र परदेशस्थ आप्ताकडे धाडणाऱ्यानेंही आधीं परवाना मिळविणें अवश्य आहे.