कचेरीची वेळ आणि समाजमाध्यमे

कचेरीत टेलिफोन आला, त्याच्यामागोमाग एक छोटेसे कुलूपही आले. टेलिफोनच्या तबकडीवरील भोकात ते अडकवले, की तबकडी फिरेनाशी होई. बाहेरून आलेला फोन घेता येई. इकडून मात्र कोणालाही फोन लावता येत नसे. किल्ली बहुधा हेडक्लार्कच्या खिशात. घरी मूल तापाने फणफणलेले असो की गावी वडील आजारी असोत, चौकशी करावयाची तर त्या किल्लीची याचना करावी लागे. काही चतुर कारकुनांनी तबकडीला हातही न लावता, रिसीव्हर ठेवण्याची खुंटी नेमक्या गतीने टकटक दाबून नंबर लावण्याची विद्या हस्तगत केली होती, हा भाग वेगळा! कुलपाने फोन पुरते थांबले नाहीत. साहेबांचा आपल्या माणसांवर विश्वास नाही, एवढे मात्र त्या टेबलाजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत राहिले.

ते कुलूप आता अडगळीत गेले आहे. पण त्याच्या मागचा प्रश्न गेलेला नाही. कामाच्या वेळात कर्मचाऱ्याला समाजमाध्यमे वापरू द्यावीत की नाही, या रूपाने तो पुन्हा दाराशी उभा आहे. फेसबुक २००४ साली निघाले, यूट्यूब २००५ साली आणि व्हॉट्सॲप २००९ साली. आरंभी ही सारी करमणूक कचेरीच्या संगणकावर चाले, आणि संगणक कचेरीचा असल्यामुळे त्यावरील वाटा बंद करणे व्यवस्थापकांना सोपे होते. अनेक ठिकाणी त्या आजही बंद आहेत. परंतु कर्मचाऱ्याच्या खिशातील मोबाइल त्याच्या मालकीचा, त्याचे मासिक शुल्क तोच भरतो. तेथे कचेरीचे कुलूप लावावयाचे तरी कोठे?

या वादात मालक बोलतात, कर्मचाऱ्यांच्या संघटना बोलतात. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र सहसा कोणी विचारीत नाही. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत आलेला, सत्तरी उलटलेला निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. काठी टेकून तो रांगेत उभा आहे. काचेपलीकडील कर्मचाऱ्याची मान खाली आहे. ती कागदावर झुकली आहे की मांडीवरील मोबाइलवर, हे म्हाताऱ्याला दिसत नाही. पण त्या चेहऱ्यावर मधूनच उमटणारे हसू दिसते. हयातीचे दाखले तपासताना कोणी हसत नाही, एवढे त्याला कळते. त्याची तक्रार समाजमाध्यमांविरुद्ध नाही. आपण समोर उभे असताना आपल्याहून दूरचा कोणी तरी या माणसाला अधिक जवळचा वाटतो, हे त्याचे दुःख आहे.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? पूर्वी याच टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले असे, अडकित्ता चाले, थंडीच्या दिवसांत विणकामाच्या सुयाही चालत. हे खरे आहे. परंतु वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. स्वेटरही केव्हा तरी पुरा होतो. समाजमाध्यमाला शेवट नाही. बोटाने वर सरकवावे, तितके खालून नवे येत राहते. हा योगायोग नव्हे. या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, आणि माणूस जितका अधिक वेळ पडद्याशी खिळून राहील, तितक्या जाहिराती अधिक. एका बाजूला जगातील अत्यंत बुद्धिमान अभियंते त्याला खिळवून ठेवण्यासाठी पगार घेत बसलेले, आणि दुसऱ्या बाजूला दुपारी साडेतीन वाजता जांभई आवरणारा एकटा कारकून. हा सामना बरोबरीचा नाही, हे त्याला दोष देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

काही कामे अशी आहेत की तेथे वादाला जागाच उरत नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ चॅट्सवर्थ येथे एक प्रवासी गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली आणि २५ माणसे मृत्युमुखी पडली. प्रवासी गाडीचा चालक कामावर असताना मोबाइलवरून संदेश पाठवीत होता, आणि त्या नादात लाल सिग्नल ओलांडून गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्याचा शेवटचा संदेश टकरीच्या केवळ २२ सेकंद आधी गेला होता. एसटीचा चालक, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, यंत्रावर उभा असलेला कामगार यांच्या बाबतीत बंदी हाच नियम योग्य होय. हैदराबाद किंवा इंदूर येथे परदेशी बँकांची खाती हाताळणाऱ्या अनेक कचेऱ्यांत मोबाइल दाराशीच कपाटात ठेवावा लागतो. तेथे जिवाचा नव्हे, तर दुसऱ्याच्या पैशाचा आणि गुपिताचा प्रश्न असतो. अशी बंदी कडक असली तरी तिचे कारण कर्मचाऱ्यालाही पटते, आणि पटलेली बंदी सहसा अपमानकारक वाटत नाही.

उरतो तो टेबलावर बसून लिहिण्या-वाचण्याचे काम करणारा मोठा वर्ग. त्याच्याविषयी संशोधकांचे म्हणणे एकसुरी नाही. मेलबर्न विद्यापीठातील एका अभ्यासात २००९ साली असे आढळले, की कामाच्या वेळात थोडाफार विरंगुळा म्हणून इंटरनेट पाहणारे लोक, अजिबात न पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक काम करतात. मात्र हा विरंगुळा एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावा. त्याच्या आधीच्या वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी कामात वारंवार व्यत्यय आणून पाहिले. व्यत्यय आलेल्यांनी काम उलट अधिक वेगाने उरकले, पण त्यांच्या मनावरील ताण मात्र वाढला. यातून ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढावा! चहाला कचेरीने केव्हाच मान्यता दिली आहे, आणि चहाच्या टपरीवर जाणारी वीस मिनिटे कोणी हजेरीपटावर मांडीत नाही. पाच मिनिटे भाच्याच्या बारशाची छायाचित्रे पाहिल्याने कचेरी बुडेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

पण खरी गुंतागुंत पुढेच आहे. समाजमाध्यम कचेरीत एकट्या कर्मचाऱ्याने आणले, हे गृहीतच मुळात खरे नाही. ते साहेबांनीही आणले आहे. आज तालुक्याच्या कचेरीपासून खासगी पेढीपर्यंत कामाचा हुकूम व्हॉट्सॲपच्या गटावर सुटतो. बैठकीची सूचना तेथेच, केलेल्या कामाचे छायाचित्र तेथेच, ‘माहिती तातडीने पाठवा’ हा निरोपही तेथेच. तो वाचण्यासाठी मोबाइल उघडावा, तर त्याच पडद्यावर भावजयीचा निरोप, शाळासोबत्यांच्या गटातील विनोद आणि गृहनिर्माण संस्थेतील पाण्याचे भांडण ही सारी हारीने उभी. एकाच दारातून साहेब आणि पाहुणे दोघेही आत येतात. आणि कर्मचाऱ्याने साहेबांपुरते दार उघडून पाहुण्यांच्या तोंडावर ते लावावे, अशी अपेक्षा केली जाते.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढले. कचेरीच्या कामासाठी शक्यतो टेबलावरील दूरध्वनी वापरावा, मोबाइल गरजेपुरताच वापरावा, त्यावर हळू व सौम्यपणे बोलावे आणि समाजमाध्यमे वापरताना वेळेचे व भाषेचे तारतम्य बाळगावे, असा त्याचा आशय होता. सल्ला शहाणपणाचा होता, यात शंका नाही. परंतु त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, त्याच राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आहेत, मधूनच बंद पडतात, आणि पोषणाची माहिती भरावयाचे ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. एकीकडे मोबाइल जपून वापरा हा उपदेश, आणि दुसरीकडे मोबाइलवाचून काम पुरे होऊ नये अशी व्यवस्था. या दोन्ही गोष्टी एकाच शासनाच्या दारी एकाच मोसमात घडल्या.

बंदीची अंमलबजावणी करावयाची म्हटली, की पाळत आली. ती किती खोल जाऊ शकते, हे रुमानियातील एका खटल्याने जगाला दाखवून दिले. बुखारेस्ट येथील एका खासगी कंपनीत विक्रीचे काम पाहणाऱ्या अभियंत्याला, ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजरवर खाते उघडण्यास मालकानेच सांगितले होते. जुलै २००७ मध्ये सुमारे आठवडाभर कंपनीने त्याचे सारे संदेश टिपून घेतले. मग त्याला बोलावून विचारण्यात आले. ‘खाते केवळ कामासाठी वापरले,’ असे त्याने लेखी उत्तर दिले. त्यावर त्याच्यापुढे ४५ पानांची एक चळत ठेवण्यात आली. त्याने आपल्या भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेले, प्रकृतीविषयीचे व अगदी खासगी असे संभाषण त्या पानांवर अक्षरशः उतरवलेले होते. १ ऑगस्ट रोजी त्याची नोकरी गेली.

तो खोटे बोलला होता, हे उघड आहे. कंपनीत खासगी वापराला बंदी होती, आणि ती त्याला ठाऊक होती. रुमानियाच्या न्यायालयांनी कंपनीची बाजू घेतली. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयातही जानेवारी २०१६ मध्ये तो सहा विरुद्ध एक अशा मतांनी हरला. परंतु ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने अकरा विरुद्ध सहा मतांनी तो निर्णय फिरवला. लक्ष ठेवले जाईल, किती ठेवले जाईल, संदेशांतील मजकूरही वाचला जाईल, यांपैकी काहीही त्याला आधी नीट सांगितले नव्हते; कमी जाचक असा दुसरा उपाय होता की नाही, याचाही खालच्या न्यायालयांनी विचार केला नव्हता. कामाच्या जागी माणसाचे खासगी सामाजिक जीवन पार शून्यावर आणण्याचा अधिकार मालकाच्या सूचनांना नाही, असे पीठाचे म्हणणे पडले. भरपाईची रक्कम मात्र त्याला मिळाली नाही. अधिकाराचा भंग झाला असे न्यायालयाने म्हटले हीच पुरेशी भरपाई, असे मानण्यात आले. दहा वर्षे लढून त्याच्या हाती एक वाक्य आणि खटल्याच्या खर्चापोटी थोडे युरो पडले.

या निकालाच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने ठरवले होते. तो निर्णय कचेरीतील मोबाइलविषयी नव्हता. तथापि नोकराचे पत्र उघडून वाचण्याचा हक्क आपल्याला जन्मसिद्ध आहे असे मानणाऱ्या मालकांनी तो एकदा नजरेखालून घालावा.

वेळेखेरीज मजकुराचाही एक वाद आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६४ सालचे. सरकारवर टीका करू नये, सरकारी गुपित फोडू नये, हे त्यांत तेव्हापासून आहे. केवळ वृत्तपत्र आणि नभोवाणी यांच्या जोडीला आता फेसबुकची भिंत आली. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवरील वर्तनाविषयी सविस्तर सूचना दिल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, ही त्यांतील एक. पण कुंपणालाही मर्यादा असते. त्रिपुरातील एका सरकारी कर्मचारी महिलेला निवृत्तीला काही दिवसच उरले असता राजकीय सभेला हजेरी आणि फेसबुकवरील मजकूर यांपायी निलंबित करण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. सरकारी चाकरी पत्करल्याने बोलण्याचा हक्क सारा गमावला जात नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तेव्हा नियम करावयाचाच असेल, तर तो थोडका, आधी जाहीर केलेला आणि कामाच्या स्वरूपावरून ठरवलेला असावा. खिडकीपुढे माणूस उभा असताना मोबाइल खणात राहावा. खिडकी मोकळी असताना तो बाहेर आला, तर साहेबांनी दुसरीकडे पाहावे. काम वेळेवर आणि नीट झाले की नाही, हे मोजावे. मान किती वेळ खाली होती, हे मोजू नये. आणि साहेबांनी कामाचे निरोप कचेरीच्या वेगळ्या वाटेने पाठवावेत. म्हणजे निरोप वाचण्यासाठी मोबाइल उघडावा लागला, ही सबब कर्मचाऱ्याला उरणार नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू संध्याकाळी सहानंतर सुरू होते. घराने कचेरीत डोकावू नये असे वाटत असेल, तर कचेरीने रात्री साडेनवाला जेवणाच्या ताटाजवळ येऊन उभे राहण्याचा अधिकार कोठून आणला? फ्रान्सने कायदा करून १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर, कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याला संपर्काबाहेर राहता यावे यासाठी त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करण्याचे बंधन घातले. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. पुढच्याच वर्षी ती लोकसभा विसर्जित झाली, आणि तिच्याबरोबर ते विधेयकही. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडले. स्वातंत्र्यानंतर आजवर संसदेत अशी खासगी विधेयके अवघी चौदा संमत झाली, आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे. त्या साली कचेऱ्यांतील टेलिफोनच्या तबकडीला कुलूप होते. पण संध्याकाळी कचेरी बंद झाली, की साहेबांचा आवाजही त्या कुलपाच्या आत बंद होत असे.