मेल्विनियाचा माग

अमेरिकेच्या माजी प्रथम महिला मिशेल ओबामा यांच्या आईकडच्या घराण्याचा एक धागा मेल्विनिया नावाच्या गुलाम मुलीपर्यंत जातो. मिशेल यांच्या खापरपणजोबांची ती आई. वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेनयॅक यांनी तिचा माग काढला आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो जगापुढे आणला.

अशा बायकांचा शोध फार बिकट असतो. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावं जवळपास नाहीतच. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. गुलामगिरी संपल्यावर, १८७० मध्ये, ती माणसं नावानिशी नोंदली गेली. त्याआधीचं काही हवं असेल तर मालकाच्या मालमत्तेचे कागद चाळायचे.

मेल्विनिया सापडली तीही तिथेच. साउथ कॅरोलायनातल्या एका वृद्ध जमीनदाराने १८५० मध्ये मृत्युपत्र केलं. चरखे, विळे, मेजपोस, गुरंढोरं वारसांना वाटून देताना त्याने सहा वर्षांची ही पोरही वाटून दिली. पुढे तिची किंमत लावली गेली ४७५ डॉलर. हा आकडा वाचताना आजही अंगावर काटा येतो, पण त्याच कागदाने तिचं नाव टिकवलं.

तिला जॉर्जियातल्या शेतावर पाठवलं गेलं. तिथे १८५९ च्या सुमारास मुलगा झाला, डॉल्फस. त्याचा बाप गोरा होता. तो तिथल्या मालकाचाच मुलगा असावा, असं डीएनए चाचण्यांमधून पुढे दिसलं. मेल्विनियाच्या १९३८ च्या मृत्यूदाखल्यावर मात्र तिच्या स्वतःच्या आईवडिलांच्या नावापुढे लिहिलंय, ‘माहीत नाही’.