प्रतिरूपकव्यवहार : एका भेसळीची करुण कथा

(व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



मद्यपान हे सप्तव्यसनांपैकी एक, हे आपण पाठशाळेतच शिकलो. आज मात्र पिणाऱ्याच्या नव्हे, तर विकणाऱ्याच्या दोषाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूच्या निर्मितीस व विक्रीस देशभर बंदी होती. औषध म्हणून मिळणारा 'जमैका जिंजर' हा आल्याचा अर्क मात्र दुकानांत मिळत असे. त्यात सुमारे ७० ते ८० टक्के अल्कोहोल होते. तो कोणी दारू म्हणून पिऊ नये, यासाठी त्यात आल्याचा तिखट अंश भरपूर ठेवण्याचा नियम होता. निरीक्षक अर्क उकळून मागे उरणाऱ्या पदार्थाचे वजन करीत. विक्रेत्यांनी आले कमी केले आणि वजन भरून काढण्यासाठी काकवी वा एरंडेल मिसळले. पुढे बोस्टनच्या हॅरी ग्रॉस व मॅक्स रिसमन यांनी रोगणासारख्या उद्योगांत वापरले जाणारे ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे रसायन त्यात घातले. ते चवीला जाणवत नव्हते आणि तपासणीतही पकडले जात नव्हते.

१९३० च्या प्रारंभी ओक्लाहोमा सिटीत व अन्यत्र रुग्ण दिसू लागले. आधी पोटऱ्यांत कळा, मग पावले लुळी, कित्येकांचे हातही निकामी. हे विष लांब मज्जातंतूंना टोकाकडून झिजविते, म्हणून पाय प्रथम जातात. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कारण सहज उमगत नाही. मॉरिस स्मिथ व एलियास एल्व्होव्ह या शासकीय शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. बाधितांची संख्या हजारोंच्या घरात होती. त्यांत गरीब श्रमिकच अधिक. अनेकांचे पाय कायमचे अधू झाले. दोषींना मात्र प्रारंभी १००० डॉलर दंड आणि स्थगित कारावास, एवढीच शिक्षा झाली.

हे केवळ परदेशातच घडले असे नाही. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात याच जातीच्या विषाने दूषित झालेल्या खाद्यतेलामुळे शेकडो लोकांना असाच पक्षाघात झाला. त्यांनी मद्य नव्हे, रोजचे अन्न सेवन केले होते.

बंधूंनो, तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे अस्सल मालात हलका माल मिसळून तो अस्सल म्हणून विकणे. आपल्या आचार्यांनी भेसळीस चौर्याच्या दोषांत स्थान दिले. या घटनेत ते चौर्य हिंसेपर्यंत पोहोचले.

बोस्टनचा तो माल तपासणीत उत्तीर्ण झाला होता, हे विसरू नये. निरीक्षकाचा तराजू फसू शकतो. व्रताचा तराजू आपल्याच हाती असतो. व्यापार हा आपल्यापैकी अनेकांच्या चरितार्थाचा आधार आहे. मंदिरात दिलेले दान जितके शुद्ध असावे असे आपणांस वाटते, तितकाच दुकानातील माल शुद्ध असावा, हा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षी करू या.

जय जिनेंद्र.