भट्टीवरचा कोळसा आणि वहीतली उचल
(करकंब, ता. पंढरपूर येथे कोळसा भट्टीवरच्या कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सुधागडच्या कातकरी वाडीतली. बारावी शिकले, पण भट्टी मला पुस्तकाच्या आधीपासून माहीत. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड इकडं करकंबच्या शिवारात यायचं. वेडी बाभळ तोडायची, ओंडके रचायचे, वर पाला नि ओली माती थापायची, आग द्यायची. मग रात्र रात्र जागायचं. कुठं भोक पडून हवा शिरली तर कोळशाची राख होते, आणि ती राख मुकादम आपल्याच नावावर मांडतो.

आपलं नावच कातावरून पडलं. आपले जुने लोक खैराचा कात काढायचे. इंग्रजांनी 1878 चा जंगल कायदा केला, जंगल राखीव झालं, कात सुटला. मग मुंबईच्या शेगड्यांसाठी कोळसा पाडला. घरोघर रॉकेल आलं, गॅस आला, तोही बाजार बसला. म्हणून आज इतक्या लांब यावं लागतं.

2016 ची दिवाळी आठवा. उचल वाटून झाली नि 8 नोव्हेंबरला रात्री आठला नोटाबंदी. माझ्या बाबाच्या हातात सगळ्या जुन्या पाचशेच्या नोटा. बँकेत खातं नाही. दुकानदारानं पाचशेची नोट चारशेला घेतली. मुकादमाच्या वहीत उचल मात्र पुरीच्या पुरी!

पुन्हा 2020, 24 मार्च. तीच रात्री आठची वेळ. हॉटेलं बंद, तंदूर बंद, इस्त्रीवाले बंद. पोती भरून तयार, व्यापारी म्हणाला माल उठत नाही, हिशेब होणार नाही. एसटी बंद, जायचं कुठं? झोपडीत बसून खाल्लेलं किराणाही वहीत चढला. सहा महिने राबून वर आपणच देणेकरी. ते फेडायला पुढच्या साली परत भट्टी.

आता मी विचारते, पोतं आपण भरून दिलं, मग ते विकलं नाही हा तोटा आपला कसा? नफा झाला तेव्हा कुणी वाटला होता का? उचलीपायी कामावरून हलू दिलं नाही, किंवा किमान वेतनापेक्षा कमी दिलं, तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारी उरत नाही. तोंडी बोली असली तरीसुद्धा.

दुसरं नुकसान वहीत दिसतच नाही. वनहक्काचा कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतो ती जमीन, चार हेक्टरपर्यंत, आपल्या नावावर होऊ शकते. आमच्या दळीची पाहणी झाली तेव्हा आम्ही भट्टीवर. शेरा काय, तर ताबा दिसत नाही. अहो, पोटासाठी गेलेला माणूस दिसणार कुठून? दावेदाराला आधी कळवूनच पाहणी करायची असं नियमात आहे. आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. आता बाबानं परत अर्ज टाकलाय, आणि पाहणी पावसाळ्यात, दळीवर नाचणी उभी असताना करा असं ग्रामसभेत मांडलंय.

ज्यांनी दावा केलाय पण पावती हातात नाही, त्यांनी बैठक झाल्यावर थांबा. आणि उचल किती घेतली, पोती किती भरली, हे शाळेत जाणाऱ्या पोरीकडून आजच लिहून घ्या. मी वह्या आणल्यात.