जुन्या कलमांची शुश्रूषा
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



विद्यावेतने व वसतिगृह यांविषयी आज पुष्कळ विवेचन झाले. मी आपले लक्ष गावाकडील हापूसच्या जुन्या कलमांकडे वेधू इच्छितो. आपल्यापैकी अनेकांची घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गात, पण वास्तव्य मुंबईस. बागेचे वाटेकरी आठ, पाहणारा एकही नाही. आजोबांनी लावलेले कलम फळेनासे झाले की ‘म्हातारे झाले, तोडा’ असा निकाल होतो. हा निकाल बहुधा घाईचा असतो. पुष्कळदा कलम वयाने नव्हे, हेळसांडीने खंगलेले असते.

प्रथम बुंधा न्याहाळावा. तेथे लाकडाचा भुसा पडलेला दिसला की आत भिरूड आहे असे समजावे. सालीच्या फटीत घातलेल्या अंड्यातून निघालेली ही अळी खोड पोखरते. अन्नरसाचा प्रवाह खुंटतो व फांद्या पिवळ्या पडून वाळतात. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी, छिद्रात रॉकेलचा बोळा घालावा आणि तोंड चिखलाने लिंपावे.

दुसरा शत्रू बांडगूळ. पक्ष्यांमार्फत त्याचे चिकट बी फांदीवर पडते आणि त्याची मुळे थेट लाकडात शिरतात. नुसता पाला ओरबाडून उपयोग नाही. त्यास फळे धरण्यापूर्वी, चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह ते छाटावे. जखमेवर बोर्डो मलम लावावे : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

उंच वाढून आत अंधार झालेल्या कलमाची पावसाळ्यानंतर जाणकाराकडून पुनरुज्जीवनाची छाटणी करून घ्यावी. १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे कृषि विद्यापीठ याविषयी मार्गदर्शन करते. मात्र नव्या फुटीची विरळणी करावी लागते आणि फळासाठी दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो.

येथेच खरी अडचण आहे. एका हंगामाचा मक्ता घेणारा हा धीर का धरील? तो पॅक्लोब्युट्राझोल घालून मोहोर काढतो. हे द्रव्य झाडाची पालवी आवरून त्यास मोहोराकडे वळवते. प्रमाणात व खताच्या जोडीने दिले तर ते उपयुक्तच. परंतु शेणखत न देता वर्षानुवर्षे तेच देणे म्हणजे थकलेल्या बैलास पराणी टोचणे होय. दोष एकट्या मक्तेदाराचा नाही. आपण त्याच्याशी केवळ रकमेचा करार करतो.

म्हणून माझी विनंती अशी : प्रत्येक कुटुंबाने एक कारभारी नेमावा; मक्ता निदान पाच वर्षांचा द्यावा; भिरूड, बांडगूळ व खत यांच्या अटी करारात लिहाव्यात; आणि उत्पन्नाचा काही भाग वाटणीपूर्वी कलमांसाठी राखावा. बुंधा पोकळ होऊन मुळे कुजली असतील तर झाड अवश्य काढावे आणि शेजारी नवे कलम लावावे. परंतु तपासणीवाचून कुऱ्हाड उचलू नये.