तारेला हात कोणी लावायचा?

(स्त्रिया आणि शिक्षण या विषयावरील शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कालपासून आपण पोटगी, घरातली मारहाण, रेशन या प्रश्नांवर बोलतो आहोत. त्यानंतर मी डी. एड. करणाऱ्या मुलींच्या विज्ञान शिकवण्याबद्दल बोलणार, म्हटल्यावर काहीजणींना वाटलं असेल की हा शिक्षणखात्याचा प्रश्न, आपल्या चळवळीचा कसा? तो आपलाही आहे, हेच मला सांगायचं आहे.

मी समाजकार्य शिकलेली, विज्ञान माझा विषय नाही. आमचा गट एका अध्यापक विद्यालयात आरोग्य आणि कायदा यांवर सत्रं घेतो. तिथे सरावपाठ वाटून घेताना मी दरवर्षी एकच चित्र पाहते. मराठीचे पाठ झटकन संपतात. विज्ञानाचे पाठ शेवटी उरतात आणि ज्या दोन-चार मुलींच्या गळ्यात पडतात त्या म्हणतात, "ताई, मला नाही जमणार." ह्याच मुली मराठीचा पाठ असा घेतात की वर्ग हलत नाही. म्हणजे शिकवता येत नाही असं नाही. विज्ञान आपलं नाही, असं त्यांच्या मनात बसलेलं आहे.

हे कुठून आलं? बहुतेकजणी दहावीनंतर कला शाखेला गेलेल्या. का गेलात, असं विचारलं की हुशारीचा मुद्दा फारसा येत नाही. गावाजवळच्या कॉलेजात कला शाखाच आहे, विज्ञानाला क्लासची फी लागते, प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एस. टी. निघून जाते, ही कारणं येतात. घरातल्या भावासाठी हीच अडचण सोडवली जाते. बहिणीसाठी ती "आवड नाही" या नावाने नोंदली जाते. पुढे तीच मुलगी शिक्षिका होते. दोन शिक्षकी शाळेत तर तिला सगळेच विषय शिकवावे लागतात. मग ती धडा वाचून दाखवते, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देते. प्रयोगाच्या साहित्याचं कपाट कुलूपबंद राहतं, कारण काही फुटलं तर भरून कोण देणार?

हे काही आपल्या बायकांच्या डोक्यातलं खूळ नाही. आपल्या देशात मुलींना गणित-विज्ञानाऐवजी गृहशास्त्र पुरे, असं राजरोस म्हटलं जात होतं. १९६२ साली नेमलेल्या हंसा मेहता समितीने मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत, असं सांगितलं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ते उचलून धरलं आणि पहिली दहा वर्षं विज्ञान-गणित सर्वांना सक्तीचं करा, अशी शिफारस केली. पुस्तकं एक झाली. पण वर्गात वायर कोणी जोडायची आणि वही कोणी लिहायची, ही वाटणी राहिलीच.

ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका सत्रात आम्ही बॅटरीचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि एक तारेचा तुकडा दिला आणि म्हटलं, बल्ब लावा. मुलं-मुली एकत्र होती त्या गटांत सेल मुलाच्या हातात गेला, मुलगी आकृती काढत बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येकीला स्वतंत्र साहित्य दिलं. आधी भीती, शॉक बसेल म्हणून. दीड व्होल्टच्या सेलने शॉक बसत नाही, हे सांगून पटलं नाही. हात लावल्यावर पटलं. मग कोणी तार बल्बच्या फक्त टोकाला लावते, कोणी दोन्ही टोकं सेलच्या एकाच बाजूला. बल्ब लागत नाही. बऱ्याच वेळाने एकीने बल्बचं टोक सेलवर टेकवलं आणि तार सेलच्या दुसऱ्या बाजूपासून बल्बच्या आट्यांच्या धातूला लावली. बल्ब लागला. तिचं पाहून शेजारणीने केलं, मग पुढचीने. विजेला जायला आणि परत यायला रस्ता लागतो, हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं. त्या दिवशी ते त्यांचं झालं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्याने, आपल्यासारखीच दुसरी करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने, आणि भीतीने छाती धडधडत नसल्याने. यात सर्वांत पक्की वाट पहिली. आपल्याकडे मात्र सगळा भर तिसरीवर. "आत्मविश्वास ठेवा" असं भाषण द्यायचं आणि साहित्य कपाटातच ठेवायचं!

शिक्षिकेच्या भीतीची झळ कोणाला लागते? शिकागोच्या संशोधकांनी २०१० साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय गणिताचा होता. ज्या शिक्षिकांना गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या ज्या मुलींना वर्षअखेर 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं वाटू लागलं होतं, त्या गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. विज्ञानातही डोळे उघडे ठेवायला एवढं पुरे आहे. बाईंची भीती मुली उचलतात.

आणि विज्ञानाच्या पुस्तकात काय असतं? आपलं शरीर असतं. पाळी का येते, ते असतं. मूल मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीतल्या गुणसूत्रावरून ठरतं, हे असतं. मुलगी झाली म्हणून टाकलेल्या बायका आपल्या केंद्रांवर येतात. शाळेत तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडला गेला असेल, तर त्याचा हिशोब कोर्टात नाही, सुनेच्या पाठीवर होतो. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

दोन गोष्टींबद्दल सावध राहिलं पाहिजे. बायकांना विज्ञान स्वयंपाकघरातून शिकवा, असं सुचवलं जातं. दही लागणं, कुकरची शिट्टी, ही सुरुवात चांगलीच आहे. त्यात आपलं ज्ञान आहे. पण तिथेच थांबलो तर आपण पुन्हा गृहशास्त्रात. सर्किट, भिंग, तारे हेही आपलेच. दुसरं, नुसता आत्मविश्वास घातकही असतो. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, असं ठासून सांगणारे पुष्कळ. प्रत्यक्षात ती जानेवारीत, आपल्या थंडीत, सूर्याच्या सर्वांत जवळ असते. "मला माहीत नाही, चला शोधू" असं मुलांसमोर म्हणता येणं, हा खरा आत्मविश्वास. ज्या बाईला आधीच कमी लेखतात, तिला हे म्हणायला जास्त धैर्य लागतं.

हे होऊ शकतं. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला. तिथे शिक्षक आधी स्वतः प्रयोग करत, दर महिन्याच्या बैठकीत अडचणी मांडत, परीक्षेला पुस्तक उघडं असे. २००२ साली सरकारने तो बंद केला. पण शिक्षकाला एकटं सोडलं नाही तर तो उभा राहतो, हे त्या तीस वर्षांनी दाखवलं.

तेव्हा आपण काय करायचं? आपल्या तालुक्यातल्या अध्यापक विद्यालयात जाऊन तीन गोष्टी मागायच्या. प्रत्येक छात्राध्यापिकेच्या हातात स्वतंत्र साहित्य. फुटतूट झाली तर तिच्याकडून भरपाई नाही, हे लेखी. आणि विज्ञानाच्या पहिल्या सरावपाठाला गुण नाहीत, फक्त चर्चा. पहिल्याच पाठाला गुण जाणार असतील तर कोणती मुलगी प्रयोगाला हात घालेल? नोकरीला लागलेल्या शिक्षिकांसाठी आपल्या गटांनी महिन्यातून एकदा बसायला जागा द्यावी. सेल, तारा आणि बल्बला फार पैसे लागत नाहीत.

कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला. त्या भांडून आत गेल्या आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. प्रत्येकीने एवढं भांडावं, अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. पाचवीच्या वर्गातल्या मुलीला सेल हातात मिळण्यासाठी भांडावं लागू नये, एवढं काम आपल्याला करायचं आहे.